राजाची शेगडी आणि रामगंगेचं अंडं

एका जंगलात झाडं होती.

हे मुद्दाम सांगते, मुलांनो, कारण हल्ली जंगल म्हटलं की झाडं असतीलच असं धरून चालता येत नाही. या जंगलात मात्र होती. उंच, सरळ आणि बारा महिने हिरवी. देवदार म्हणतात त्यांना. त्यांची पानं रुंद नसतात, सुयांसारखी असतात. थंडी आली की बाकीची झाडं पानं गाळून मोकळी होतात. देवदार आपल्या सुया अंगावर तशाच ठेवून बर्फात उभे राहतात, शाळेत प्रार्थनेला उभं राहावं तसे.

या जंगलाचा राजा एक अस्वल होता. त्याचं नाव झुबकराव महाराज.

आता अस्वलांची एक रीत आहे. बर्फ पडायला लागला की अस्वल पोटभर खातं, गुहेत जातं आणि झोपतं, ते थेट वसंत आला की उठतं. झुबकरावांचे वडील असेच झोपत. आजोबाही झोपत. आजोबा तर एका वर्षी वसंत आला तरी उठले नव्हते, उन्हाळाही त्यांनी झोपेत काढला. त्या वर्षी जंगलात काहीच बिघडलं नाही. तेव्हापासून ते फार कर्तबगार राजे मानले जात.

पण झुबकराव गादीवर आले आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांच्या मनात शंका आली.

"साळोजी," त्यांनी प्रधानाला विचारलं, "मी झोपलो की राज्य कोण करतं?"

साळोजी म्हणजे साळिंदर. तो घाबरला की त्याच्या पाठीवरचे काटे खुळखुळत. आताही खुळखुळले.

"कुणीच नाही, महाराज. बर्फ पडतो आणि सगळे आपापल्या घरी बसतात."

"म्हणजे माझी गादी रिकामी असते?"

"रिकामी कशी असेल, महाराज? तिच्यावर बर्फ असतो."

महाराज ताडकन उठून बसले. "माझ्या गादीवर बर्फ बसतो, आणि हे मला आज कळतंय?"

झालं. त्याच दिवशी महाराजांनी जाहीर केलं की यापुढे ते झोपणार नाहीत. प्रजेसाठी जागणार. सगळ्या जंगलाने टाळ्या वाजवल्या. माकडांनी दोन्ही हातांनी आणि दोन्ही पायांनी वाजवल्या.

पण अस्वल झोपलं नाही की त्याला दोन गोष्टी होतात. एक म्हणजे जांभया येतात. जांभयांना इलाज नव्हता, म्हणून दरबारात एक नियम झाला की महाराजांनी जांभई दिली की सगळ्यांनी ती भाषण समजून ऐकायची. दुसरी गोष्ट म्हणजे थंडी वाजते. त्याला इलाज सापडला. जंगलाच्या दक्षिणेला एक काळा कडा होता आणि त्यातले काळे दगड पेटवले की जळत. महाराजांसाठी टेकडीएवढी शेगडी बांधली गेली. माकडं काळे दगड फोडत, बकऱ्या वाहून आणत आणि शेगडी सबंध हिवाळाभर, अगदी वसंत सरेपर्यंत धडधडत राही. तिचं नाव ठेवलं राजशेगडी.

तिचा धूर पिवळट होता. दिवाळीत फटाके उडवून झाल्यावर येतो ना, तसा वास. पहिल्या दिवशी सगळे खोकले. दुसऱ्या दिवशी साळोजीने सांगितलं की हा प्रगतीचा वास आहे. तेव्हापासून सगळे अभिमानाने खोकू लागले.

धूर वर गेला. वर ढग होते. साधेभोळे ढग, येईल त्याला आत घेणारे. त्यांनी धुरालाही घेतलं आणि ते आंबले.

तुमच्या आईने कधी उन्हाळ्यात ताक झाकायचं विसरून बाहेर ठेवलंय का? मग ते चाखल्यावर तुमचं तोंड कसं होतं, आठवा. तसंच मातीचं झालं. पाऊस आंबट पडला. बर्फ आंबट पडला. माती आंबली. आणि आंबट मातीत काही टिकत नाही. देवदारांच्या मुळांसाठी तिने जे जेवण साठवून ठेवलं होतं, ते सुटं होऊन पाण्याबरोबर ओढ्यात वाहून गेलं. देवदार जिथल्या तिथे उभे होते. फक्त त्यांच्या पुढ्यातलं ताट रिकामं झालं.

मग सुया पिवळ्या पडल्या. आधी टोकांना, मग सगळ्या. मग त्या गळायला लागल्या.

एकदा महाराज पाहणीला निघाले. त्यांनी डोळे चोळले.

"साळोजी, हे पिवळं काय आहे?"

"सोनेरी आहे, महाराज," साळोजी म्हणाला. "तुमच्या राज्यात झाडांनासुद्धा दागिने घालावेसे वाटतात."

महाराजांनी समाधानाने जांभई दिली. सगळ्यांनी ती ऐकली. त्या वर्षी सुवर्णवन महोत्सव झाला, त्यात माकडं गळणाऱ्या सुया एकमेकांवर उधळत नाचली आणि नाचता नाचता खोकली. फार मजा आली म्हणतात.

मजा आली नाही ती फक्त बयोला.

बयो ही रामगंगा होती. रामगंगा म्हणजे चिमणीएवढा पक्षी. डोक्यावर काळी टोपी, गाल पांढरे आणि पोटावर मधोमध एक काळा पट्टा, कुणी घाईघाईत शाईने ओढल्यासारखा. सगळ्यात मोठा देवदार होता, त्याला थोरला म्हणत. थोरल्याच्या खोडात एक ढोली होती. तिथे बयोचं घर. तिथेच तिच्या आईचंही होतं.

वसंतात बयोने अंडी घातली. पांढरी, तांबड्या ठिपक्यांची. ती त्यांच्यावर बसली. टच्च.

"अगं, हळू बस," तिचा नवरा चिरोजी दारातून म्हणाला.

"मी बसले कुठे? नुसती टेकले."

"मग हळू टेक."

पुढच्या वसंतात ती हळू टेकली. टच्च.

"तू थोडी जाड झालीस का?" चिरोजीने विचारलं.

मुलांनो, रामगंगेचं वजन एका पेढ्याएवढं असतं. बयोने त्याच्याकडे असं पाहिलं, की चिरोजी त्यानंतर दोन दिवस शेजारच्या फांदीवर राहायला होता.

तिसऱ्या वसंतात ती बसलीच नाही. ती अंड्यांवर पंख पसरून, पाय ताणून, नुसती अधांतरी उभी राहिली. दिवसभर. पाय थरथरायला लागले. संध्याकाळी एका मुंगीला शिंक आली, आणि टच्च.

त्यानंतर बयो रडली नाही. ती घरटं झाडत बसली. झाडता झाडता म्हणाली, "अहो, यांची कवचं बघा. कांद्याच्या सालीसारखी आहेत. वजन माझं वाढलेलं नाही. अंडीच पातळ झालीत."

"मग आता?"

"माझी आई अंडी घालायच्या आधी गोगलगायींच्या शंखांचे तुकडे खायची. त्याने कवच टणक होतं. मीही शोधले. पण अहो, आपल्या जंगलात गोगलगाय शेवटची कधी पाहिलीत?"

चिरोजीने आठवून पाहिलं. त्याला आठवेना.

"बरं, असं कर," तो म्हणाला, "आपण इथून जाऊ. दुसरं जंगल बघू."

"आणि थोरला?" बयो म्हणाली. "तो कसा येईल?"

चिरोजीने वर पाहिलं. थोरल्याच्या वरच्या फांद्यांवर तेव्हा एकही सुई उरली नव्हती. अजून एखाददुसरा हिवाळा असा गेला, तर ढोलीसकट तो आडवा होणार हे दोघांनाही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बयो गोगलगाय शोधायला निघाली. पिवळ्या जंगलावरून उडाली, पिवळट धुरातून उडाली, ओढा ओलांडला आणि उत्तरेला एका पांढऱ्या कड्यापाशी पोचली. पाहते तर काय, कड्याच्या पायथ्याला देवदारांचा एक पट्टा हिरवागार. आणि त्यांच्या बुंध्याशी गोगलगायींचा अख्खा मोहल्ला.

एक वयस्क गोगलगाय दगडावर ऊन खात बसली होती. तिचं नाव शंखूबाई.

"मावशी, तुम्ही इकडे कशा?" बयोने विचारलं.

"अगं बाई," शंखूबाई म्हणाली. मग थोडा वेळ गेला. "भाचीच्या लग्नाला आलो होतो. तिकडे परत जायचं म्हटलं तर पायाला चुरचुरतं. म्हटलं राहावं अजून दोन दिवस. ते काही दोन दिवस झाले नाहीत."

"इथली माती चुरचुरत नाही?"

"नाही गं. या कड्याचा पांढरा दगड झिजतो ना, त्याची भुकटी पावसाबरोबर खाली येते. माती गोड राहते. आमचे शंख जाड, झाडं हिरवी. तुझं काय?"

बयोने आपलं काय ते सांगितलं. शंखूबाईने ऐकलं. मग हळूच आत गेली आणि एक जुना, रिकामा शंख ढकलत बाहेर आणला.

"जाऊबाईंचा आहे," ती म्हणाली. "त्या आता नाहीत. तोंडाने फार वाईट होत्या, पण शंख चांगला आहे. घेऊन जा."

"मावशी, ही भुकटी आमच्याकडे नेऊन मुळांशी शिंपडली तर?"

"शिंपडा की. चिमूट चिमूट, सगळीकडे. आणि घाई करू नका, मातीचं काम माझ्यासारखं असतं. पण तो धूर आधी बंद करा हो. एकीकडे आंबवायचं आणि एकीकडे गोड करायचं, याला काय अर्थ?"

बयोला इतका आनंद झाला की परत येताना ती सरळ उडालीच नाही, कोलांट्या मारत आली. घरी न जाता ती थेट दरबारात गेली.

"महाराज," ती म्हणाली, "जंगल वाचवायचे दोन उपाय आहेत. पांढऱ्या दगडाची भुकटी मुळांशी शिंपडायची, आणि राजशेगडी विझवायची."

साळोजीचे काटे खुळखुळले. महाराज राजशेगडीच्या आणखी जवळ सरकले.

"शेगडी विझवली तर मला थंडी वाजेल," ते म्हणाले.

"हो, महाराज. तेव्हा झोपून घ्यायचं. तुमचे आजोबा..."

"आणि गादीवर बर्फ बसवायचा?"

मग साळोजी पुढे झाला. तो प्रधान होता ते उगीच नाही.

"महाराज, यात अवघड काय आहे? या बाईंनी दोन उपाय सांगितले. त्यातला पहिला चांगला आहे. तर आपण पहिलाच दोनदा करू. दोन होतील."

दरबारात आनंदाची लाट उसळली. बयो काहीतरी म्हणत होती, पण टाळ्यांमध्ये पेढ्याएवढ्या पक्ष्याचं कुठे ऐकू येतं?

काम जोरात सुरू झालं. माकडं पांढऱ्या कड्यावर गेली. पण दगड कठीण होता, फोडता फोडता माकडांचे हात सुजले. मग एका हुशार माकडाने शोध लावला की पांढरा दगड भट्टीत भाजला की त्याचा चुना होतो आणि तो आपोआप भुसभुशीत पडतो. कमालच झाली. भट्ट्या बांधल्या गेल्या. आणि भट्ट्यांत जाळायचं काय? काळे दगड तर होतेच.

आता शेगडीचा धूर, शिवाय भट्ट्यांचा धूर. माती आणखी आंबली. माती आंबली म्हणून आणखी चुना लागेल, म्हणून आणखी भट्ट्या, म्हणून आणखी धूर, म्हणून आणखी आंबट, म्हणून आणखी चुना. सगळं जंगल कामाला लागलं. बकऱ्या काळे दगड घेऊन वर जायच्या आणि पांढरा चुना घेऊन खाली यायच्या, मध्येच त्यांची गफलत व्हायची आणि त्या पांढरं वर नि काळं खाली न्यायच्या, पण कुणाच्या लक्षात येत नसे, कारण धुरात दिसतच नव्हतं. खारी भट्ट्यांच्या उद्घाटनाच्या फिती कातरून कातरून दमल्या. कुठे दोन प्राणी भेटले की विचारत, "काय, तुमच्याकडे किती भट्ट्या?" झाडांची चौकशी कुणी करत नसे. ती उभी होती ना, पुरे.

चुन्याचे ढीग झाले. डोंगर झाले. मग प्रश्न आला की याचं करायचं काय.

"मुळांशी शिंपडायचा," बयो दमून दमून सांगत होती. "मातीत. चिमूट चिमूट."

"मातीत टाकला तर दिसेल कसा?" साळोजी म्हणाला. "महाराज पाहणीला येणार आहेत. त्यांना काय, माती उकरून दाखवायची?"

तुम्ही मोठ्या रस्त्याने जाताना कडेची झाडं पाहिली असतील. कुणी मोठी व्यक्ती येणार म्हटलं की त्यांच्या खोडांना खालून चुना फासतात आणि वर गेरूचा तांबडा पट्टा ओढतात. ही पद्धत कुठून आली माहीत आहे? या जंगलातून. निदान माझ्या गोष्टीत तरी.

माकडांनी एकेक देवदार धरला आणि खोडाला चुना फासला. वर गेरूचा पट्टा. चुना उरला म्हणून दगडांना फासला. तरी उरला म्हणून बकऱ्यांना फासला, त्यांनाही गेरूचा पट्टा. एक कासव चालता चालता थांबलं होतं, त्याला दगड समजून दोन हात दिले. साळोजीला फासता येईना, ब्रश अडकायचा, म्हणून त्याच्या प्रत्येक काट्याला वेगवेगळा बुडवून काढला. माकडं तर एकमेकांनाच फासत सुटली आणि मग आपला भाऊ कोणता नि शेजाऱ्याचा कोणता हे त्यांना कळेना. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. थोडं धुरामुळेही आलं असेल.

फक्त डोळे वर करून कुणी पाहिलं नाही. खाली पांढरीशुभ्र खोडं, तांबडे पट्टे, आणि वर नुसत्या काटक्या.

पाहणीचा दिवस उजाडला. आभाळ बर्फाने भरून आलं होतं, अजून पडला नव्हता. महाराज निघाले. कितीतरी हिवाळे ते झोपले नव्हते. डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या आणि पिशव्यांखाली आणखी पिशव्या. चार पावलं चालले की जांभई. दरबारी मागून येत होते आणि प्रत्येक जांभईला "वा, वा" म्हणत होते.

पाहणी थोरल्यापाशी संपणार होती. महाराज तिथे पोचले आणि त्यांचे पाय दुखायला लागले. ते खाली बसले आणि थोरल्याच्या खोडाला टेकले. चुना ओला होता. तो त्यांच्या पाठीला लागला. पण ते इतके दमले होते की त्यांना तो गार लेपासारखा बरा वाटला.

वर ढोलीत बयो बसली होती. रिकाम्या घरट्यात. तिला खाली कोण आलंय हे माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. ती थोरल्याच्या पोटातला आवाज ऐकत होती. मोठं झाड वाळायला लागलं की आतून करकरतं. थोरला करकरत होता.

बयोला वाटलं, आता हे घर काही वसंत बघत नाही. आईने शिकवलेली अंगाई तशीच राहिली. एकदाही कामाला आली नाही. निदान घरट्याला तरी म्हणून दाखवू.

आणि ती म्हणायला लागली.

नीज, नीज, ठिपक्या,
दार तुझं लाव.
सुयांच्या रानात
वारा पुसे नाव.

नाव नको सांगू,
पाय पोटी घे.
बर्फ राखील घरटं,
तू निजून घे.

खालून एक जांभई आली. एवढी मोठी, की ढोलीतली धूळ उडाली. बयोने डोकं बाहेर काढलं. खाली महाराज खोडाला टेकून बसले होते आणि त्यांच्या पापण्या मिटत होत्या, उघडत होत्या, मिटत होत्या.

"साळोजी," महाराज जड आवाजात म्हणाले, "मला झोप येतेय असं वाटतंय. मला चिमटा काढ."

साळोजी पुढे झाला. पण त्याच्या काट्यांवरचा चुना वाळून कडक झाला होता. त्याला वाकताच येईना.

"गादी," महाराज पुटपुटले. "गादीवर बर्फ..."

बयोच्या ध्यानात आलं. मुलांनो, इतके दिवस तिने दरबारात जाऊन समजावून सांगितलं होतं, ओरडून सांगितलं होतं, रडकुंडीला येऊन सांगितलं होतं. आता ती खालच्या फांदीवर आली, महाराजांच्या कानाशी बसली आणि अगदी हळू म्हणाली. अंगाई तीच. फक्त शेवटी एक शब्द तिने बदलला.

नाव नको सांगू,
पाय पोटी घे.
बर्फ राखील गादी,
तू निजून घे.

"राखील ना?" महाराजांनी डोळे मिटूनच विचारलं.

"राखील हो," बयो म्हणाली. "त्याला दुसरं काय काम आहे?"

महाराजांनी पाय पोटाशी घेतले. आणि घोरायला लागले.

दरबाराचा थरकाप उडाला. पण झोपलेल्या अस्वलाला उठवायला पुढे कोण येणार? सगळ्यांनी एकमेकांना पुढे केलं आणि सगळेच मागे सरकले. तेवढ्यात पहिला बर्फ पडायला लागला. शेवटी सगळ्यांनी मिळून महाराजांना ओढत ओढत त्यांच्या वडिलांच्या गुहेत नेलं. वाटेत ते जागे होऊ नयेत म्हणून बयो अंगाई म्हणत राहिली. दोन माकडं आणि एक बकरी चालता चालताच झोपली.

मग माकडांनी साळोजीला विचारलं, "शेगडीत दगड टाकू का?"

"कुणासाठी?" साळोजी म्हणाला.

माकडांनी विचार केला. त्यांना कुणी सापडेना.

"आणि भट्ट्या?"

"पाहणी तर झाली. आता दाखवायचं कुणाला?"

शेगडी विझली. भट्ट्या विझल्या. सगळे आपापल्या घरी गेले. गादीवर बर्फ बसला आणि त्याने उत्तम राज्य केलं.

तो बर्फ कितीतरी वर्षांनी आंबट नव्हता. खोडांवर पडला, साठला आणि वितळायला लागला तसा खोडांचा चुना घेऊन खाली ओघळला. दगडांवरचा ओघळला. ढिगांवरचा ओघळला. चिमूट चिमूट, सगळीकडे, मुळांशी. जे काम सबंध दरबाराला जमलं नाही, ते कुणीही न करता झालं.

वसंत आला. जंगल एकदम हिरवं झालं का? नाही. तसं फक्त गोष्टींत होतं. बरीच झाडं गेलीच होती. पण जी उरली त्यांच्या फांद्यांच्या टोकांना कोवळ्या सुयांचे हिरवे झुबके आले. थोरल्यालाही आले, अगदी खालच्या फांदीवर, मोजकेच. आणि तो करकरायचा थांबला.

एक दिवस थोरल्याच्या बुंध्याशी कुणीतरी दम खात बसलं होतं. शंखूबाई.

"मावशी, तुम्ही?"

"धूर गेला हे दिसलं," शंखूबाई म्हणाली. मग थोडा वेळ गेला. "तेव्हाच निघाले. आत्ता पोचतेय. जाऊबाईंचा शंख कामाला आला का?"

बयोने तो जपून ठेवला होता. तिने त्याचे तुकडे करून खाल्ले, चिरोजीने तिला चुन्याचे खडेही वेचून आणून दिले. मग तिने अंडी घातली. पांढरी, तांबड्या ठिपक्यांची.

चिरोजी दारात तोंड फिरवून उभा राहिला. त्याला बघवेना.

"अगं, काय झालं?"

"बसले," आतून बयो म्हणाली.

"आणि?"

"आणि काही नाही. बसलेय."

मग चिरोजी फांदीवर गेला आणि काही कारण नसताना तीन कोलांट्या मारल्या.

त्याच सुमारास महाराज जागे झाले. ते धावतच गादीकडे गेले. गादी जागेवर होती. तिच्यावरचा बर्फ वितळला होता आणि बैठकीच्या मधोमध देवदाराचं एक रोपटं उगवलं होतं, बोटाएवढं.

"साळोजी, मी नसताना राज्य कोणी केलं?"

आता खरं सांगायचं तर "कुणीच नाही, आणि फार बरं चाललं होतं" असं सांगावं लागलं असतं. साळोजीचे काटे खुळखुळले.

"तुम्हीच केलंत, महाराज," तो म्हणाला. "झोपेत."

"मला वाटलंच," महाराज म्हणाले. "अंग बघ ना कसं आंबलंय. फार कष्ट पडले असणार."

मग मोठा समारंभ झाला. जंगल वाचवल्याबद्दल सत्कार कुणाचा करावा यावर चर्चा झाली. महाराजांचा तर झालाच. नंतर शेगडीचाही झाला, कारण तिने विझून मोलाची मदत केली होती. तिला शाल पांघरली आणि तिच्या पुढ्यात श्रीफळाच्या जागी देवदाराचं फळ ठेवलं. महाराजांनी भाषणात सांगितलं की पुढच्या हिवाळ्यात ते याहूनही जोरात झोपणार आहेत. आणि रोपटं मोडू नये म्हणून ते गादीच्या कडेला, जेमतेम टेकून बसले.

बयोला बोलावणं होतं. पण ती गेली नाही. तिला तेव्हा उठता येण्यासारखं नव्हतं.

तात्पर्य : आपल्या भल्यासाठी सतत जागा राहणारा राजा मिळाला, तर मुलांनो, घाबरून जाऊ नका. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला उपाय तर मुळीच सुचवू नका. एखादी चांगली अंगाई पाठ करून ठेवा.